बिनडोक्याची बेस

आमच्या पॅसेजमध्ये एका वेळी एकच माणूस मावतो, आणि गेलं दीड वर्ष तो माणूस म्हणजे माझा नवरा आहे. पॅसेजच्या एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला झोपायची खोली, आणि मधोमध बाहेर जायचं दार. दारासमोरची भिंत जरा आत गेलेली आहे, तिथे पूर्वी चपलांचं कपाट होतं. ते काढून नवऱ्याने तिथे कामाचं फळकूट बसवलं, पक्कड आणि कानशी टांगल्या, आणि व्हीलचेअर अर्धी आत, अर्धी वाटेत लावून ठाण मांडलं. मला बाहेर पडायचं तर आधी "सरका महाराज" म्हणायचं. मग तो हातातलं काम ठेवणार, ब्रेक काढणार, चाकं भिंतीला घासत झोपायच्या खोलीपर्यंत मागे जाणार, मग मी बाहेर. कोथिंबीर आणायची असली तरी हीच मिरवणूक.

तो लिफ्टचा मेकॅनिक. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात, मीसुद्धा. लिफ्टच्या खड्ड्यात शिडी घसरली, तो पडला, आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. आता गंमत बघा, आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. जन्मभर लोकांना वर-खाली केलं, आणि स्वतः वर अडकून बसला. दीड वर्षात तो दोनदा खाली उतरलाय, दोन्ही वेळा त्याच्या कामावरच्या जोडीदाराच्या, जाड्याच्या पाठंगुळीला बसून. दुसऱ्यांदा जाड्याला पहिल्या मजल्यावर धाप लागली. मिस्त्री तेव्हापासून म्हणतो, "मला नाही जायचं कुठे." त्याला जायचंय. मला कळत नाही का!

मी सकाळी एका पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. बाकीचा दिवस याला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत खुर्चीत, आणि झोपताना पुन्हा पलंगावर. त्याच्या काखेत हात घालून उचलायचं, गुडघ्याने खुर्ची रेटायची. माझी कंबर आता त्याच्यापेक्षा जास्त बोलते. मी सांगतेय ते रडगाणं नाही, नुसतं काय चाललंय ते सांगतेय. पण खरं सांगू का, काही काही वेळा मोरीचं दार लावून मी नळ पूर्ण सोडते आणि नुसती उभी राहते. तेवढाच एक कोपरा, जिथे मला कोणी हाक मारत नाही. मारली तरी पाण्यात ऐकू येत नाही.

याआधी मी बेस वाजवायची. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती मुद्दाम कोणी ऐकत नाही, पण थांबली की सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं होतं. माझा स्वतःचा आवाजही तसाच घोगरा, त्यामुळे मिस्त्री मला लग्नाच्या आधीपासून खर्जा म्हणतो. "ए खर्जा, पाणी दे." असं.

तर झालं असं, की आमच्या बँडच्या मास्तरांचा फोन आला. मास्तर कीबोर्ड वाजवतात आणि बँड त्यांचाच. समुद्राकाठच्या एका हॉटेलात त्यांना चार महिन्यांचं काम मिळालं होतं, रोज संध्याकाळी वाजवायचं, राहणं-खाणं तिथेच. "बेसवाला मिळतो गं, पण तू ती तू," असं म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "महिनाअखेरच्या शनिवारी तालीम आहे. खांद्याला बेस लावून दारात आलीस तर तुझं हो समजेन. नाही आलीस तर मनात काही ठेवणार नाही." फोन ठेवल्यावर मी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले. चार महिने! समुद्र! मला आधी आनंद झाला, मग लाज वाटली, मग दोन्हींचा राग आला. याला टाकून कुठे जाणार मी? आणि नाही गेले तर पुन्हा कधी?

मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

नुसतं बरं. आणि त्याच आठवड्यात माझी बेस मोडली.

ती पॅसेजमध्ये खुंटीला टांगलेली असायची. मिस्त्रीची खुर्ची मागे येताना हँडल तिच्या पट्ट्यात अडकलं आणि ती तोंडावर आपटली. बेसचं डोकं, म्हणजे मानेच्या टोकाला जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात तो भाग, तो काडकन तुटून चपलांमध्ये जाऊन पडला. मी स्वयंपाकघरातून धावत आले. तो खुर्चीत तसाच, हात चाकांवर, चेहरा पांढरा. मी एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर जे बोलले असते ते परत घेता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यानेच विषय काढला. "मान शाबूत आहे. तिचं अंग मात्र फुगलंय खालून, ते टाकू. मी नवीन बनवतो. डोकंच नको. डोकं असलं की आपटतं."

"बिनडोक्याची?"

"असते तशी. तारा खालच्या बाजूने पिळायच्या."

"आपल्या घरात आधीच एक बिनडोक आहे," मी म्हटलं.

"कोण?"

"तुझ्याशी लग्न केलं ती."

तो हसला. मीही हसले, पण मनातला खडा काही निघाला नाही.

लाकूड जाड्याने आणलं, एका जुन्या लिफ्टच्या सागवानी दाराची फळी. मिस्त्रीने ती कापली, घासली, तासली. घरभर भुसा. भातात भुसा, अंथरुणात भुसा, माझ्या शिवायच्या मशीनमध्ये भुसा. तुटलेलं डोकं त्याने साफ कापून काढलं आणि मान नव्या अंगाला बसवली. आठवडाभरात एक बुटकं, गुबगुबीत, मान छाटलेल्या कोंबडीसारखं काहीतरी फळकुटावर तयार झालं. आता राहिल्या त्या फक्त खुंट्या. आणि तिथेच घोडं अडलं.

डोकं नसलं की तारा पिळायच्या कुठे? तर अंगाच्या शेपटाकडे. त्याचे बाजारात प्रकार आहेत आणि प्रत्येकाची काही ना काही खोड आहे. जाड्याने पहिला प्रकार आणला तो दिसायला राजबिंडा. एकच अखंड काळा ठोकळा, चार चकत्या, बोटाने फिरवल्या की लोण्यासारख्या फिरतात. तार लावायला ना पक्कड ना काही, दोन्हीकडे नुसती अडकवायची. मिस्त्री खूश. मी तारेचं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. या तारेला दोन्ही टोकांना धातूची गोळी. साध्या तारेला एकाच टोकाला असते.

"ही तार कुठे मिळते?" मी विचारलं.

"मागवावी लागते," जाड्या म्हणाला. "येते तीनेक आठवड्यांत."

"आणि तिकडे हॉटेलात गाण्याच्या मध्येच तुटली, तर मी काय लोकांना सांगू, तीन आठवडे बसा, चहा घ्या?"

"तुटत नाहीत गं बेसच्या तारा सहसा."

"शिडीही सहसा घसरत नाही," मी म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली. जाड्या खाली बघायला लागला. मिस्त्रीने मात्र तो ठोकळा शांतपणे खोक्यात भरला. "बरोबर आहे तिचं. परत दे."

मग मीच तोडगा काढला. म्हटलं, तुटलेल्या डोक्यावरच्या चारही खुंट्या धडधाकट आहेत. त्याच काढून शेपटाकडे लाव. माझ्या हाताला सवयीच्या, तार कुठल्याही दुकानातली चालते, आणि नवं काही आणायला नको. इतकी सरळ गोष्ट! मला वाटलं तो शाबासकी देईल. त्याने खुंट्या अंगावर ठेवून बघितल्या, पट्टी लावली, आणि मान हलवली.

"नाही जमायचं. दोन बोटं बाहेर येतात."

"येऊ देत की! दोन बोटांनी काय होतंय?"

"बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही! ज्या माणसाने लग्नात बुटाच्या दोन जोड्यांमधला एकेक घातला होता, त्याला बरं दिसत नाही! माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. जी खुंटी माझी मला कुठेही लावता येईल, नेमकी तीच याला नको. आणि काय काय खुसपटं काढायचा सांगू? त्या दिवसांत एकदा मला दाराजवळ उभं करून पाठीला लाकडाची पट्टी बांधली आणि म्हणतो, "सरळ उभी राहा. हलू नकोस." मी म्हटलं, "आता मला खिळे ठोकणार आहेस का?" तो म्हणाला, "खांद्याच्या पट्ट्याचं माप घेतोय." खुर्चीत बसूनच खालून वर, वरून खाली टेप लावत होता. दारावर आमचा माळा आहे, गाद्या ठेवायचा, बराच खाली आलेला. त्याला टेप लावला, खुर्चीच्या चाकाला लावला. माझी भाजी करपली. पट्ट्याचं माप घ्यायला माळा कशाला लागतो, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. म्हटलं ना, बिनडोक.

एक दिवस दुकानातून लवकर आले. सकाळी जाताना याला अंग दुखतं म्हणून पलंगावरच ठेवून गेले होते. येऊन बघते तर महाशय खुर्चीत, पॅसेजमध्ये, कानस चालू. बोटांची सालटं निघालेली.

"जाड्या आला होता?"

"हं," तो म्हणाला. मान वर केली नाही.

पलंगाशेजारच्या भिंतीवर एक जाड स्टीलचा दांडा बसवलेला दिसला, लिफ्टमध्ये धरायला असतो तसा. "हे काय नवीन?" "टॉवेल टाकायला." मी टॉवेल टाकला त्याच्यावर. मला त्या दिवशी भांडायचं दुसऱ्याच गोष्टीवरून होतं.

"खुंट्यांचं काय ठरलं?"

"अजून एक प्रकार आहे. जाड्या बघतोय."

"शनिवार येऊन ठेपला, मिस्त्री."

"माहितीय मला."

"माहितीय? तुला काय माहितीय? माझ्या खुंट्या त्या डबीत पडल्यात, तू म्हणशील तर तासाभरात बसतील. पण नाही! दोन बोटं! साहेबांच्या नजरेला दोन बोटं खुपतात! सरळ सांग ना, तुला मला जाऊच द्यायचं नाही. सांगून टाक, मी कुकर लावते, विषय संपला. ही घासाघीस कशाला? आणि ती बेस... ती बेस खरंच चुकून पाडलीस का रे तू?"

बोलून गेले. इतके दिवस दाताखाली धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा बारीक झाला, मेल्यांचे कान लांबच.

त्याने कानस खाली ठेवली. बराच वेळ बोटांवरची सालटं बघत बसला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही, खर्जा. मागे येत होतो. ती तिथे आहे हे मला माहीत होतं. हँडल अडकलं. अडकलंय हे कळल्यावर मी थांबलो की नाही, तेवढं आठवत नाही. रोज आठवून बघतो."

खोटं बोलला असता तर भांडले असते.

मग तो म्हणाला, "आता तू सांग. मास्तरांना हो म्हणालीस?"

"शनिवारी गेलं की हो. तेच ठरलंय."

"फोन करून सांगता येतं. करायला काय अडचण होती? तीन आठवडे झाले. सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस. थोडं तुझ्याही फोड."

मी तरातरा मोरीत गेले आणि नळ सोडला. खरं होतं ते. मला भीती वाटत होती. दीड वर्षात बोटं सुईची झाली होती, तारांची राहिली नव्हती. नवऱ्याचं दुखणं सांगितलं की कोणी पुढे विचारत नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी आतून कडी लावून घेतली होती आणि बोंब मारत होते की यानेच कोंडलं. नळाखाली मी रडले, भरपूर रडले, आणि मग पाणी वाया जातंय म्हणून नळ बंद केला.

तिसरा प्रकार शुक्रवारी आला. चार सुटे सुटे तुकडे, प्रत्येक तारेला आपापला. दिसायला अगदी साधे. प्रत्येकात एक सरकणारा ठोकळा, मागे खरखरीत कडेची चकती. चकती फिरवली की आतल्या आट्यांवरून ठोकळा मागे सरकतो आणि तार ताणली जाते. तारेची गोळी ठोकळ्यात बसते. दुसरं टोक मानेच्या वरच्या बाजूला, एका छोट्या चिमट्यात स्क्रूने आवळायचं. तार कुठलीही चालते. शेपटाच्या बाहेर काहीही येत नाही, चकत्या अंगातच कोरलेल्या खाचेत बसतात. लागते ती फक्त एक बारीक एलन की, चिमट्याचा स्क्रू पिळायला.

मिस्त्रीने तुकडे बसवले, पुन्हा पुन्हा पट्टी लावली, आणि या वेळी मान हलवली ती होकाराची. "तुला पटतंय का बघ."

मी चकत्या फिरवून बघितल्या. घट्ट होत्या, पण बोटांनी फिरत होत्या. एलन की बघितली. "ही हरवली तर?"

"कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळते. कुठल्याही कोपऱ्यावरच्या."

"मग ठीक आहे," मी म्हटलं. तीन आठवड्यांत मी पहिल्यांदाच कशाला तरी ठीक म्हणत होते.

"मग तारा तूच लाव," तो म्हणाला आणि हात मागे घेऊन बसला.

मी म्हटलं, त्यात काय, आयुष्यभर तारा लावल्या. सगळ्यात जाड तार घेतली, गोळी ठोकळ्यात बसवली, दुसरं टोक चिमट्यात घालून स्क्रू आवळला, आणि चकती फिरवायला लागले. फिरवतेय, फिरवतेय. ठोकळा सरकत सरकत पार मागच्या टोकाला जाऊन टेकला. आटे संपले. आणि तार? तार ढिम्म. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी लोंबतेय. वाजवली तर भुर्र.

"तुझे आटेच कमी आहेत!" मी ओरडले.

"आटे पुरेसे आहेत."

"मग सूर का लागत नाही? शेवटाला आलाय बघ ठोकळा, पुढेही नाही, मागेही नाही. अडकला!"

"कशाने अडकला ते तू सांग."

असा राग आला म्हणता! पक्कड फेकून मारावी असं वाटलं. मी बघत बसले त्या लोंबत्या तारेकडे, आणि मग माझं मलाच कळलं. आपल्या जुन्या खुंट्यांना तार लावताना आम्ही बेसवाले ती मुद्दाम सैल सोडतो, म्हणजे खुंटीवर दोन-तीन वेढे नीट बसतात. हाताला तीच सवय. पण इथे वेढे बसायला खुंटीच नाही. ती सगळी ढील त्या बिचाऱ्या ठोकळ्याने ओढायची म्हटलं तर त्याचा अख्खा रस्ता त्यातच संपणार. सुरापर्यंत पोचणार कसा?

मी चकती उलटी फिरवून ठोकळा पार पुढे आणला. चिमटा सैल केला. पक्कडीने तारेचं टोक धरलं, पाय भिंतीला लावला आणि ओढली. मिस्त्री म्हणाला, "अजून." अजून ओढली. एका हाताने पक्कड, दुसऱ्याने एलन की. तीनदा सुटली, तिसऱ्यांदा बोटाला बोचली, रक्त आलं. त्याचे हात दोनदा पुढे आले आणि दोन्ही वेळा मागे गेले. ते मी बघितलं. दुसऱ्यांदा तर त्याने ते स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले.

"ढील आधी हातानेच काढायची," तो म्हणाला. "आमच्या लिफ्टच्या दोरांचंही तसंच. ढिला दोर मोटरवर टाकलास की मोटर मेली."

चौथ्यांदा स्क्रू बसला. चकती थोडीशीच फिरवली आणि ती जाड तार सुराला आली. मी छेडली. आवाज सागवानातून माझ्या पोटात उतरला. दीड वर्षाने! मिस्त्रीने तळहात भिंतीवर ठेवला होता. "येतोय," तो म्हणाला. "भिंतीत येतोय." मग उरलेल्या तीन तारा मी लावल्या, आणि त्याने एक तार उगाच सैल करून पुन्हा लावायला लावली, आणि मग दिवा बंद करून पुन्हा. "स्टेजवर अंधार असतो," म्हणाला. मी त्याला शिव्या घातल्या आणि लावली.

शनिवारी दुपारी मी तयार झाले. बेसला मी दुकानातल्या उरलेल्या पडद्याच्या जाड कापडाची पिशवी शिवली होती, हिरवी, वर पिवळी फुलं. मास्तर हसणार होते, हसू देत. पिशवी पाठीला लावली आणि स्वयंपाकघरातून निघाले, तर महाराज नेहमीच्या जागी. खुर्ची अर्धी आत, अर्धी वाटेत. फळकुटावर काही काम नाही, हात रिकामे.

"सरक," मी म्हटलं.

"नाही सरकत."

म्हटलं, हे आता काढलंय याने. शेवटच्या क्षणाला! "मिस्त्री, उशीर होतोय. सरक."

"अशीच ये."

"अशी कशी येऊ? पाठीवर बेस आहे!"

"बेस घेऊनच ये. भिंतीला तोंड करून, पोट आत घे, आणि ये."

"वर माळा आहे. आपटेल."

"ये म्हणतो ना, खर्जा."

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी भांडले नाही. भिंतीला नाक लावलं, पोट आत ओढलं आणि एकेक पाऊल सरकायला लागले. जुन्या बेसने इथे माळ्याला टक्कर दिली असती. मी ती खांद्यावरून काढून आडवी धरून न्यायची, आणि खुर्ची मध्ये असेल तर आडवी फिरवायला जागाच नाही. आता वरून काही लागलं नाही. पिशवी खुर्चीच्या बरोबर वर आली. दोन बोटं खाली असती तर चाकात अडकली असती. नाही अडकली. पिशवीचं कापड चाकावरून नुसतं घसरल्याचा आवाज आला, आणि मी दारात.

वळून बघितलं. त्याच्या मांडीवर टेप होता.

"वर माळा, खाली चाक," तो म्हणाला. "मधे जेवढं उरतं तेवढीच केली. तुझ्या खुंट्या लावल्या असत्या तर दोन बोटं जास्त झाली असती."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस ना! मी काय काय बोलले तुला!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कशाला, तू सरकशीलच की." त्याने नाक पुसलं. "नसेन सरकत एखाद वेळी. नसेल सरकवत. मी वाटेत असलो तरी तुला जाता आलं पाहिजे. बस."

मी म्हटलं, "आणि पलंगावर कोण घेणार तुला?"

"तो दांडा टॉवेलचा नाही, शहाणे." त्याने सोललेली बोटं दाखवली. "जमतं आता. पहिल्यांदा पडलो, दोनदा. जाड्या रात्री झोपायला येईल, तो घोरतो, पण येईल. लिफ्टमध्ये माणूस अडकला ना, की आधी केबिन मजल्याला लावायची, मग दार उघडायचं. मधेच ओढून काढायला गेलं की माणूस मरतो. मला केबिन लावायला वेळ लागला. आता जा. मास्तर वेळेचे पक्के आहेत."

मी वाकून त्याच्या डोक्यावर डोकं टेकवलं. वाकतानाही बेस कुठे लागली नाही. त्याच्या केसांत भुसा होता.

पायऱ्या उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर असताना वरून आमच्या दाराचा आवाज आला. ते दार नेहमी मी लावायची, त्याचा हात पोचत नाही. आज त्याने काठीने ओढलं असणार. एकदा ओढलं, लागलं नाही. दुसऱ्यांदा लागलं, कडीचा आवाज झाला. मी कठड्याला धरून तो आवाज पूर्ण ऐकला. वर जावंसं वाटलं. फार वाटलं. तो आत होता, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याला काढायला कोणी मेकॅनिक येणार नव्हता.

मग मी उरलेल्या पायऱ्या उतरले. रस्त्यावर आले, उन्हात उभी राहिले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोट अजून आत ओढूनच धरलंय.